रुपयातले दहा पैसे

(कोल्हापूर जिल्ह्यातील एका बचत गटाच्या कृषी सखीने सामुदायिक रेडिओवर महिला शेतकऱ्यांसाठी केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

  सोप्यात बसून ऐकणाऱ्या आज्यांनो, आजचा विषय आमच्यापेक्षा तुमच्या जास्त ओळखीचा आहे. हातातलं काम सोडू नका. भाकरी थापत ऐका, लसूण सोलत ऐका. आज मी बोलणार आहे माळव्याच्या बियाण्यावर.

मी काही शास्त्रज्ञ नाही. पंचगंगेकाठी आमचं घर आहे आणि सव्वादोन एकर रान आहे. दीड एकरात ऊस, उरलेल्या तीस गुंठ्यांत माळवं. उमेदच्या आमच्या गटात मी कृषी सखी म्हणून काम करते. जे स्वतः भोगलं आणि त्यातनं जे शिकले, तेवढंच सांगणार आहे.

आपल्या कोल्हापूर भागात शेती म्हटलं की ऊस. पण उसाचं बिल येतं वर्षातनं एकदा. ते बहुतेक घरांत घरधन्याच्या खात्यावर येतं, आणि येण्याआधीच सोसायटीचं कर्ज आणि खताची उधारी यांत वाटलं गेलेलं असतं. माळव्याचा पैसा दर बाजाराला येतो आणि बाईच्या हातात येतो. पोरांच्या वह्या, सासूचं औषध, गटाचा हप्ता, चहा-साखर सगळं त्यातनंच. म्हणून ऊस एक वर्ष कमी आला तर घर कुरकुरतं, पण माळवं फसलं तर त्याच आठवड्यात चूल कुरकुरते. आणि माळवं फसायची जी कारणं आहेत, त्यातलं एक कारण आपण सगळ्यात शेवटी बघतो. ते म्हणजे बी.

माझीच गोष्ट सांगते.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी आयुष्यभर माळव्याचं बी विकत आणलं नाही. जवारी वांगी, काकडी, दोडका, घेवडा, सगळ्याचं बी घरात. राखेत घोळून मडक्यात ठेवायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि उतरंडीला लावायचं. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. आम्ही जनावरं सोडवली, कागदपत्रं घेतली आणि शाळेत जाऊन राहिलो. पाणी उतरल्यावर घरात आलो तर उतरंड फुटून सगळं चिखलात मिसळलेलं. आत्या भिंतीकडं बघून रडल्या नाहीत, भांड्यांकडं बघून रडल्या नाहीत. त्या मडक्यांच्या खापऱ्या बघून रडल्या. मला तेव्हा वाटलं, एवढ्या बियाचं काय, बाजारात ढिगानं मिळतं.

पुढच्या वर्षी मी गटातनं तीस हजार कर्ज घेतलं आणि वीस गुंठे मिरची करायची ठरवली. तरू घरी टाकायचं सोडून एका रोपवाटिकेतनं साडेतीन हजार रोपं आणली. एक रुपया चाळीस पैशाला एक, म्हणजे चार हजार नऊशे रुपये. मी वाणाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "तीच आहे वहिनी, बिनघोर न्या." चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "रोपं ३५०० पोहोच." वाणाचं नाव नाही, लॉट नाही, बियाणं कुणाचं ते नाही. मी पण विचारलं नाही.

मग मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या, शेणखत, लागणीची मजुरी, फवारणी, बांबू, सुतळी. सगळा खर्च मिळून पन्नास हजारांच्या आसपास गेला. झाडं दिसायला झकास होती. फळ धरल्यावर कळलं की रानात तीन तऱ्हा आहेत. काही झाडांना लांब पोपटी मिरची, काहींना आखूड जाड, आणि काही झाडं नुसतीच पाल्यानं भरलेली. बाजारात व्यापाऱ्यानं बुट्टीत हात घातला आणि म्हणाला, "वहिनी, माल एकसारखा नाही." एवढं बोलून त्यानं भाव निम्मा केला. हंगाम संपला तेव्हा पट्ट्या जोडल्या. हाती एकतीस हजार. पन्नास घातले, एकतीस आले. कानातली फुलं गहाण ठेवून गटाचा हप्ता भरला.

तक्रार करायला तालुक्याला गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "पावती आहे का? पाकीट, टॅग, लॉट नंबर?" माझ्याकडं ती पोहोच लिहिलेली चिठ्ठी होती. ते म्हणाले, यावर वाणाचंच नाव नाही, मग दुसराच वाण दिला हे ठरवायचं कशावरनं?

गटाच्या मीटिंगला जायची मला लाज वाटत होती. पण गेले आणि सांगितलं. तर एकीनं सांगितलं, तिची भेंडी अशीच गेली होती. दुसरीनं सांगितलं, तिच्या फ्लॉवरचे गड्डे लिंबाएवढेच झाले होते. तिसरीनं उघड्या पोत्यातलं मेथीचं बी आणलं, ते निम्मंच उगवलं. एवढ्या जणींचं बुडालं होतं आणि एकीनंही दुसरीला सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, आपलंच नशीब खोटं.

त्या दिवशी आम्ही एक हिशेब मांडला, तो तुम्हीही मांडा. माझ्या पन्नास हजारांत रोपांचा खर्च किती? चार हजार नऊशे. म्हणजे रुपयातले दहा पैसे. पण उरलेले नव्वद पैसे कुणाच्या भरवशावर घातले? त्याच दहा पैशांच्या. खत कमी पडलं तर पुढच्या पाळीला घालता येतं, पाणी चुकलं तर सावरता येतं. बी चुकलं की मागं फिरायला वाट नाही. मळणीला घातलेला खिळा जर कच्चा असेल तर बैलानं किती फेरे घातले याला अर्थ राहत नाही.

आता समजून घेऊ या की बियात फरक का पडतो.

बी दोन तऱ्हेचं. एक सरळ वाण, यात आपलं जवारी बी आलं आणि कृषी विद्यापीठांचे सुधारित वाणही आले. परभणीच्या विद्यापीठाची परभणी क्रांती भेंडी, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले ज्योती मिरची, ही त्यातली नावं. याचं बी नीट धरलं तर पुढच्या वर्षी तसंच पीक येतं. दुसरं संकरित, म्हणजे हायब्रीड. यात आई एका वाणाची आणि बाप दुसऱ्या वाणाचा. पहिल्या पिढीला जोम चांगला असतो, माल एकसारखा येतो. पण त्या फळातलं बी धरून पुन्हा पेरलं की पुढची पिढी विस्कटते. कुणी आईवर जातं, कुणी आजोबावर. माझ्या रानात तीन तऱ्हा दिसल्या, त्या कदाचित अशाच संकरित मिरचीतनं काढलेल्या बियाच्या असतील. किंवा दोन लॉट मिसळले असतील. पावती नाही म्हणून आता ते कधीच कळणार नाही.

संकरित बी महाग का, हेही बघा. जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांत, देऊळगाव राजाच्या बाजूला, शेडनेटमध्ये भाज्यांचं संकरित बी तयार होतं. टोमॅटोचं फूल उमलायच्या आधी संध्याकाळी चिमट्यानं त्यातले पुंकेसर काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्याला लावायचे. एकेका फुलाला, हातानं. हे काम बहुतेक बायकाच करतात. तेव्हा पाकिटातला तो दाणा आपल्यासारख्याच एका बाईच्या हाताखालनं आलेला असतो.

हा उद्योग आपल्याच राज्यात वाढला. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली. दिल्लीच्या संस्थेनं काढलेली पुसा सावनी भेंडी त्यांनी आपल्या रानात लावली, तिचं बी केलं आणि १९६४ साली कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढं २०१९ साली हाच पुरस्कार सायमन ग्रूट या हॉलंडच्या माणसाला मिळाला. घरचा पिढीजात बियाण्याचा धंदा असलेला हा माणूस १९८२ साली फिलिपिन्समध्ये गेला. तिथल्या लहान शेतकऱ्याला थंड देशातलं बी मिळत होतं, ते त्या उष्ण हवेत टिकत नव्हतं. त्यानं तिथल्याच हवेत, तिथल्याच भाज्यांचे वाण तयार केले आणि शेतकऱ्यांना ते पिकवायचं शिक्षणही दिलं. दोघांच्या कामातनं एकच गोष्ट दिसते. एक-दोन एकरवाल्या माणसाची कमाई चांगल्या बियाण्यानं वाढते. पण ते बी त्याच्या हवेचं असलं पाहिजे आणि त्याच्यापर्यंत खरं पोचलं पाहिजे.

आणि बियाण्याची वाट दुकानातनंच जाते असंही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं आदिवासी गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण वाल, घेवडा आणि इतर भाज्यांचं गावठी बी त्यांनी घरात जपलं, वाढवलं, बायकांना वाटलं. बायफ संस्थेच्या मदतीनं त्यांची बियाणं बँक उभी राहिली. २०२० सालची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. एका मातीच्या घरातली बी जपायची रीत दिल्लीपर्यंत पोचली.

मग आपण कोणती वाट धरायची? आमच्या गटानं भांडण न करता दोन्ही धरल्या. बाजारात ज्याला एकसारखा माल लागतो ते टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, यांचं संकरित बी विकत घ्यायचं. घेवडा, मेथी, वांगी, काकडी, दोडका, परड्यातल्या सगळ्या भाज्या, यांचं घरचं बी जेवढं जमेल तेवढं धरायचं. विकत घेताना डोळे उघडे ठेवायचे आणि घरी धरताना आज्यांचं ऐकायचं.

विकत घ्यायच्या पाच गोष्टी सांगते. वही असेल तर लिहून घ्या.

पहिली, पाकीट वाचा. पाकिटावर पीक, वाण, लॉट नंबर, उगवणीचा टक्का, शुद्धता, चाचणीची तारीख आणि मुदत असते. स्वतःला वाचता येत नसेल तर सातवीतल्या पोरीला घेऊन जावा. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो. सत्यतादर्शक बियाण्याला फिकट हिरवा, म्हणजे त्याच्या गुणाची हमी ते विकणाऱ्यानं स्वतः दिलेली असते. भाज्यांचं बरंचसं संकरित बी या दुसऱ्या प्रकारात येतं. फोडून पुन्हा चिकटवलेलं पाकीट, सुटं बी, मुदत खाडाखोड केलेलं, हे हातात धरायचंच नाही.

दुसरी, पक्की पावती घ्या. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणं विक्रेत्याकडं परवाना लागतो, साठा आणि दर लावून ठेवावे लागतात आणि गिऱ्हाइकाला पावती द्यावी लागते. पावती मागणं म्हणजे दुकानदारावर अविश्वास नाही, तो आपला हक्क आहे. त्यावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्यायचा. तयार रोपं घेतानाही तेच. रोपवाटिकेला म्हणायचं, ज्या पाकिटातनं रोपं केली ते रिकामं पाकीट दाखवा आणि त्याचा लॉट बिलावर लिहा. चांगल्या रोपवाटिकेला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडनं घ्यायचं नाही.

तिसरी, हंगाम विचारा. फ्लॉवरचे लवकर येणारे आणि उशिरा येणारे वाण वेगळे असतात. लवकरचा वाण थंडीत उशिरा लावला तर गड्डा बटणाएवढाच राहतो. त्यात बी खोटं नसतं, वेळ खोटी असते. तसंच गाव बघा. गगनबावडा, राधानगरीच्या पावसात जो वाण टिकतो तो शिरोळच्या रानात वेगळा वागेल, आणि उलटही.

चौथी, उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीनं मांडा, गुंडाळा आणि सावलीत ठेवा, ओल टिकवा. मेथी चार-पाच दिवसांत कळते, टोमॅटो, वांगी, मिरचीला चौदा दिवस द्या. किती उगवले ते मोजा, तोच टक्का. सरकारी मानकात कमीत कमी उगवण टोमॅटो आणि वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५, मिरचीला ६० टक्के आहे. महागाचे शंभर दाणे मोडवत नाहीत, हे मला माहीत आहे. तिथं पंचवीस घ्या आणि चारनं गुणा. मोड आलेले दाणे फेकू नका, ट्रेमध्ये टोचा. एक सांभाळा, लाल-गुलाबी रंग लावलेलं बी विषारी औषध लावलेलं असतं. ते हातमोजे घालून हाताळायचं. पोरांच्या हाती द्यायचं नाही, उरलं तर कोंबड्यांपुढं टाकायचं नाही.

पाचवी, गटानं मिळून घ्या. बारा जणींना टोमॅटो करायचा असेल तर बाराजणी बारा दुकानांत जाऊ नका. एकत्र मागणी केली की दर कमी होतो, एकच लॉट मिळतो, आणि दुकानदार एकट्या बाईला जे बोलतो ते बाराजणींना बोलत नाही. आमच्या गटाची एक बियाणं-वही आहे. कुणी काय आणलं, लॉट कोणता, उगवण किती, माल किती निघाला, भाव काय मिळाला. शेवटच्या पानावर रिकामी पाकिटं चिकटवलेली असतात. नवीन वाण आला की सगळं रान त्याला द्यायचं नाही. एकीनं एक सरी लावायची, बाकीच्यांनी बघायला जायचं.

एवढं करूनही बी फसलं तर काय?

पीक उभं असतानाच तक्रार करा. उपटून टाकल्यावर काही दाखवता येत नाही. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. सोबत पावती, टॅग, पाकीट आणि थोडं बी उरलं असेल तर ते. तालुक्याची तक्रार निवारण समिती रानात येऊन पाहणी करते आणि पंचनामा करते. तो अहवाल हातात आला की जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली स्पष्ट सांगितलं की बी विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडं जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. दोन वर्षांच्या आत जायला हवं. हे सगळं त्या एका पावतीवर उभं आहे, मैत्रिणींनो. माझ्याकडं ती असती तर आज मी वेगळी गोष्ट सांगत असते.

आता घरच्या बियाकडं येते. इथं आज्यांनी कान टवकारावेत आणि मी चुकले तर सुनेकडनं निरोप पाठवावा.

आपल्याकडं काय होतं? चांगली काकडी बाजाराला जाते आणि विकायची राहून गेलेली, वेडीवाकडी, पिवळी झालेली वेलावर राहते. तिचंच बी धरलं जातं. म्हणजे वर्षानुवर्षं आपण वाईटातनं वाईट निवडतो आणि म्हणतो, घरचं बी आता चालत नाही. आत्यांची रीत उलटी होती. पहिल्या-दुसऱ्या तोड्यालाच त्या रानात फिरायच्या आणि निरोगी, भरपूर धरणाऱ्या झाडाला रंगीत चिंधी बांधायच्या. त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. फळ नव्हे, झाड बघायचं. बांधाकडेचं सोडून रानाच्या मधलं घ्यायचं, आणि एकाच नव्हे तर दहा-वीस झाडांचं बी एकत्र करायचं. दोडका, काकडी, दुधी यांचं फळ चाखल्याशिवाय त्या बी धरायच्या नाहीत. कडू लागलं तर लगेच थुंकायचं आणि सगळा वेल काढून टाकायचा. ते बरोबरच होतं, कारण कडू दुधी विषारी असतो, त्यानं माणूस दवाखान्यात जातो.

घेवडा, टोमॅटो, मेथी यांचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागानं धरतं, म्हणून त्यांचं बी धरायला सोपं. मिरची, भेंडी, वांगी यांत मधमाशी आणि किडे पराग फिरवतात, वेलवर्गात तर फिरवतातच. शेजारी दुसरा वाण असेल तर बी मिसळतं. मिरचीला दुसऱ्या वाणापासून दोनशे मीटर तरी अंतर हवं. आपल्या तुकड्या-तुकड्याच्या रानात एवढं अंतर कुठनं आणायचं? म्हणून आम्ही वाटणी केली. गटातली एक बाई एकाच जवारी वाणाचं बी धरते, तेही गावाबाहेरच्या रानात, आणि सगळ्यांना देते.

बी सावलीत वाळवायचं, कडक उन्हात फरशीवर नाही. खणकन वाजेपर्यंत वाळवायचं. बियातला ओलावा एका टक्क्यानं कमी झाला की त्याचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं असा ठोकताळा आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडं बी ओल ओढतं, म्हणून मडक्यापेक्षा घट्ट झाकणाची काचेची बाटली बरी. तळाला वाळलेली राख, वर फडक्याच्या पुरचुंडीत बी, बाहेर चिठ्ठीवर नाव आणि वर्ष. कांद्याचं बी एका वर्षापलीकडं ठेवू नका, ते लवकर मरतं.

आणि एक, ते आम्ही पुरानं शिकलो. सगळं बी एका घरात ठेवायचं नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा आमच्या गटाच्या बाटल्यांचा एक जोड माळावरच्या घरात होता. तो वाचला.

आत्यांच्या जवारी वांग्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ते वाण गेलं असंच आम्ही धरलं होतं. एका दिवाळीला नणंद माहेराला आली. ती भुदरगडात दिलेली. आत्या तिच्याजवळ वांग्यासाठी हळहळत होत्या, तर ती म्हणाली, "आई, तू मला लग्नानंतर परड्यात लावायला बी दिलं होतंस की. मी दर साली लावते." पुढच्या महिन्यात पुडी आली. आत्यांनी जे पंचवीस वर्षांपूर्वी दिलं होतं, तेच त्यांना परत मिळालं. त्यामुळं आता आमच्या गटाचा नियम आहे, बी मागेल तिला द्यायचं, आणि हंगामानंतर तिनं दुप्पट परत करायचं. हे कायद्यालाही धरून आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी जपायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं नावाचं पाकीट करून विकता येत नाही.

कुणी विचारेल, जवारी बियात पैसा आहे का? गडहिंग्लजच्या बाजारात जाऊन बघा. सीमेपलीकडच्या संकेश्वर गावाच्या नावानं ओळखली जाणारी जवारी मिरची तिथं येते. झाडाला माल कमी, रोगाला बळी पडते, म्हणून तिचं क्षेत्र आटलं. पण जी थोडी येते तिला संकरित मिरचीच्या कितीतरी पट भाव मिळतो, कारण आपल्या कांदा-लसूण चटणीला ती चव दुसरी मिरची देत नाही. उत्पन्न फक्त क्विंटलवर मोजू नका. खर्च किती, भाव किती आणि गिऱ्हाईक कोण, तिन्ही बघा. पाच गुंठे जवारी, ज्याला ओळखीचं गिऱ्हाईक आहे, ते कधी कधी वीस गुंठ्यांना ऐकत नाही. पण गिऱ्हाईक नसताना सगळं रान जवारी करू नका, तेही खरं.

माझ्या वीस गुंठ्यांचं पुढं काय झालं? दुसऱ्या वर्षी पुन्हा मिरचीच केली. सगळेजण नको म्हणत होते. या वेळी आम्ही पाचजणींनी मिळून एका लॉटचं बी घेतलं, पक्क्या बिलावर, उगवण बघून, आणि गटातल्या एकीच्या शेडनेटमध्ये तरू टाकलं. खर्च त्रेपन्न हजार झाला, हाती शहाण्णव हजार आले. खोटं सांगत नाही, त्या साली भावही बरा होता. सगळं श्रेय बियाला देणार नाही. पण माल एकसारखा होता, आणि बुट्टीत हात घालून व्यापारी काही बोलला नाही. कानातली फुलं सोडवून आणली.

आता आमचा गट रोपवाटिकेचा विचार करतोय. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना २०२० पासून आहे, तीत भाजीपाला रोपवाटिकेला अनुदान आहे आणि महिला गटांना प्राधान्य आहे. तुमच्या तालुक्यात यंदा अर्ज घेतात का, ते कृषी कार्यालयात विचारा. गावातलं तरू गावातल्याच बायकांनी केलं तर बी कुठलं, हे विचारायला लांब जावं लागणार नाही.

जाता जाता तीन कामं सांगते, पुढच्या मीटिंगला करायची. एक, बियाणं-वही घाला आणि पहिल्या पानावर गेल्या हंगामात कुणाचं काय फसलं ते लिहा. लाजू नका, मी लाजले आणि माझं नुकसानच झालं. दोन, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या तीन बायकांना मीटिंगला बोलवा आणि त्यांच्याकडं कोणतं बी आहे ते विचारा. त्यांच्याबरोबर ते जायच्या आत विचारा. तीन, या आठवड्यात जे बी आणाल त्याची पक्की पावती घ्या आणि देवघरात ठेवायच्या कागदांत ठेवा.

रुपयातले दहा पैसे आहेत, पण नव्वद पैशांची किल्ली त्यातच आहे. ती किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन निर्धास्त झोपू नका.